२८ एचपीच्या ट्रॅक्टरला बॅकहो जोडावा का?

प्रश्न: नमस्कार साहेब. सांगोला तालुक्यात आमची ११ एकर जमीन आहे, त्यात ६ एकर डाळिंब. त्यातली ३ एकर बाग पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीनं गेली, ती काढून पुन्हा लावायची आहे. माझ्याकडे २८ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे. फवारणी, रोटाव्हेटर सगळं त्यावरच. गेल्या वर्षी ताली, चर आणि पाइपलाइन मिळून ३४ तास जेसीबी लावला, तासाला १,२०० रुपयांनी. पैसे जातात ते जातातच, वर ऐन मे महिन्यात जेसीबीवाला आज येतो, उद्या येतो करत पंधरा दिवस घालवतो. आता जवळच्या एका वर्कशॉपवाल्यानं मिनी ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) बसणारा बॅकहो, म्हणजे खोदायचा हात आणि बकेट, ३ लाख ४० हजारांत करून देतो म्हणून सांगितलंय. सात फूट खोल खोदतो म्हणे. माझ्यापुढं ९०० झाडं काढायची, तेवढेच खड्डे घ्यायचे, मेन लाइनसाठी ६०० फूट चर आणि शेततळ्यातला गाळ, एवढी कामं आहेत. मेव्हणे म्हणतात, घेऊन टाका, रिकाम्या दिवसांत गावात भाड्यानंही चालेल. वडील म्हणतात, ट्रॅक्टरची वाट लागेल. काय करू?
– एक शेतकरी वाचक, सांगोला तालुका

उत्तर:

नमस्कार दादा,

आधी वडिलांचं म्हणणं घेतो. पैशाचा हिशेब मागाहून मांडता येईल, पण ट्रॅक्टरचा आणि त्यावर बसणाऱ्या माणसाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. वर्कशॉपवाला जो प्रकार देतोय, म्हणजे नुसत्या थ्री पॉइंटवर टांगलेला बॅकहो, तो तुमच्या ट्रॅक्टरला लावू नका. किंमत निम्मी केली तरी नको.

कारण सांगतो. रोटाव्हेटर, नांगर, रेझर ही अवजारं ट्रॅक्टर उचलतो किंवा मागून ओढतो, आणि थ्री पॉइंटची रचना त्याच कामासाठी केलेली आहे. लिफ्टचं हायड्रॉलिक खालचे दोन आर्म वर उचलतं. खाली दाबायची ताकद त्यात नसते, अवजार आपल्या वजनानं खाली येतं. अवजार सोडवून ठेवा, लिव्हर खाली करा आणि आर्म हातानं वर उचलून बघा. सहज वर येतील.

आता बॅकहोचं काम कसं चालतं ते बघा. बकेटचे दात जमिनीत घुसवायला बूमनं (बॅकहोच्या लांब हातानं) खाली दाब द्यावा लागतो. माती मऊ असेल तर दात आत जातात. तुमच्याकडं फूट-दीड फुटाखाली मुरूम लागत असणार. तिथं दात अडले की बकेट आत जायच्या ऐवजी मागचा सगळा सांगाडा वर उचलला जातो. त्याला खाली धरून ठेवणारं काही नसेल तर तो टॉप लिंकवर, म्हणजे थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्यावर, कलून ट्रॅक्टरच्या अंगावर येतो. आणि मध्ये कोण बसलेलं असतं? मागं तोंड करून ऑपरेटर. त्याच्या पाठीशी ट्रॅक्टरचं सीट आणि मडगार्ड, पुढ्यात बॅकहोच्या लिव्हर. निसटायला वाव नसतो. अशा बांधणीत माणसं चिरडली गेली आहेत, म्हणून मी यात जराही तडजोड सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरची. ट्रकला असते तशी आरपार चासी मिनी ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे बिडाचे भाग एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. बकेट डाळिंबाच्या मुळीत अडकली, ऑपरेटरनं हिसका मारला, की तो हिसका मागच्या हाउसिंगमधून थेट मधल्या जोडावर येतो. एकदा दोनदा काही होत नाही. शंभर-दोनशे वेळा झाल्यावर बोल्ट ढिले पडतात, तेल पाझरायला लागतं आणि शेवटी बीड तडकतं. मग ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो. तो खर्च बाजूला ठेवला तरी फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर महिनाभर गॅरेजात पडला तर हातातली चांगली ३ एकर बागही अडचणीत येईल. कंपनीनं मान्यता न दिलेलं अवजार लावून तुटलं तर वॉरंटीची आशाही सोडायची.

बॅकहो मिनी ट्रॅक्टरला लावतातच. जगभर लावतात. पण नीट बांधणी असते तिला सबफ्रेम लागते: ट्रॅक्टरच्या पोटाखालून दोन्ही बाजूंनी जाणारा जाड पोलादी सांगाडा, मागं एक्सलला आणि पुढं फ्रंट सपोर्टला घट्ट बसवलेला. बॅकहो त्या सांगाड्याला जोडतात, त्यामुळं खोदायचा जोर मधल्या जोडावर न येता सांगाड्यावर येतो. शिवाय पुढं लोडर असतो. खोदताना लोडरची बकेट जमिनीवर टेकवतात, मागं दोन जॅक, आणि ट्रॅक्टर बसल्या जागी स्थिर होतो. तुमच्या ट्रॅक्टरला लोडर नाही. या एचपीचे ट्रॅक्टर साधारण टनाच्या आसपास भरतात, काही तर त्याहून बरेच हलके. मागं तीन-चारशे किलोचा बॅकहो टांगला की पुढची चाकं हलकी होतात आणि ताल चढताना स्टिअरिंग लागत नाही. पुढं वजनं लावावी लागतील, ती किती हे कंपनीच्या माणसानं सांगायला हवं, वर्कशॉपवाल्यानं नव्हे.

आता पैसे.

समजा सबफ्रेमसकट, सुरक्षित बॅकहो तुम्हाला त्याच ३ लाख ४० हजारांत मिळाला. मिळणार नाही, पण समजू. हे पैसे बँकेतून काढा नाहीतर कर्ज काढा, वर्षाला दहा टक्के धरले तरी ३४ हजार रुपये नुसत्या व्याजाचे झाले. गेल्या वर्षीचं तुमचं जेसीबीचं अख्खं बिल ४०,८०० रुपये आहे.

तेच ३४ तासांचं काम मिनी बॅकहोनं करायला किती तास लागतील? जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये साधारण पाव घनमीटर माती येते. मिनी बॅकहोची फूटभर रुंदीची बकेट त्याच्या सहावा-सातवा हिस्सा भरते. जेसीबीचं वजन साडेसात टनांच्या आसपास, इंजिन तुमच्या अडीचपटीहून मोठं, त्यामुळं मुरमात त्याचे दात घुसतात तिथं तुमचे घासत राहतील. तरीही मी तुमच्या बाजूनं झुकतं माप टाकतो आणि चारच पट धरतो. ३४ तासांचे १३६ तास झाले. तासाला अडीच लिटर डिझेल म्हटलं तर ३४० लिटर, लिटरला ९० रुपयांनी ३०,६०० रुपये. दिवसाला आठ तास या हिशेबानं १७ दिवस एक माणूस त्यावर बसणार. ड्रायव्हर ठेवला आणि हजेरी ७०० रुपये धरली तर आणखी ११,९०० रुपये. स्वतः बसलात तर तेवढे दिवस बाकीची कामं कोण बघणार?

म्हणजे डिझेल आणि हजेरी मिळूनच ४२,५०० रुपये. बॅकहो कुणी फुकट आणून दिला तरी जेसीबीपेक्षा स्वस्त पडत नाही! त्यात व्याज मिळवा, पिना-बुश, होज पाइप, सील, दात मिळवा, आणि ट्रॅक्टरचे १३६ तास जास्तीचे चालले त्याची झीज मिळवा. ज्या शेतकऱ्याचं काम तुमच्यासारखं वर्षातून दोन-तीनदा, पण दांडगं असतं, त्याचा हिशेब बहुतेक वेळा असाच येतो.

आता पुढ्यातल्या कामांकडं वळू, कारण प्रत्येकाला वेगळं यंत्र योग्य आहे.

झाडं काढायला जेसीबीच. वाढलेलं डाळिंब सराईत ऑपरेटर मिनिट-दीड मिनिटात मुळासकट उपटतो. ९०० झाडांना साधारण २३ तास, म्हणजे २७,६०० रुपये. मिनी बॅकहोला इथं चारही बाजूंनी माती मोकळी करून मुळ्या तोडाव्या लागतील, आणि ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त हिसके याच कामात बसतील. एक काळजी मात्र घ्या: पिन होल बोरर लागलेली झाडं उपटून बांधावर रचून ठेवू नका. खोडात किडा जिवंत असतो आणि तो शेजारच्या ३ एकरांत शिरायला वेळ लागत नाही. खोड-मुळ्या त्याच आठवड्यात बागेपासून लांब नेऊन जाळून टाका. जेसीबी आहे तोवर गोळा करण्याचं कामही त्याच्याकडूनच करून घ्या.

खड्ड्यांचं काम बॅकहोनं करताना बघितलंय म्हणून सांगतो, जाहिरातीच्या व्हिडिओत दिसत नाही असा भाग यात फार आहे. एक खड्डा झाला की बकेट आत घ्यायची, बूम मधोमध आणायचा, दोन्ही जॅक उचलायचे, बॅकहोच्या सीटवरून उठून ट्रॅक्टरच्या सीटवर यायचं, दहा फूट पुढं घ्यायचं, ब्रेक लावायचा, पुन्हा मागं जाऊन बसायचं, जॅक टेकवायचे, ट्रॅक्टर समतल झाला का बघायचं, आणि मग कुठं पुढचा खड्डा. खोदण्यापेक्षा ही उठबस जास्त वेळ खाते. दोन फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा मुरमाड रानात सात मिनिटांत झाला असं धरलं तरी ९०० खड्ड्यांना १०५ तास लागतात.

त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा पोस्ट होल डिगर, आपल्याकडं ज्याला खड्डे घ्यायचं मशीन म्हणतात, तो बघा. दीड फुटी ऑगर (त्याचा माती कापणारा स्क्रू) तुमच्या ट्रॅक्टरला झेपतो. सीटवरून उतरावं लागत नाही, एका खड्ड्याला दोन-तीन मिनिटं. मोठे दगड लागले तर शिअर बोल्ट तुटतो, तो तुटण्यासाठीच दिलेला असतो. पाच-दहा बोल्ट खिशात ठेवा आणि त्याजागी साधा कडक बोल्ट घालून चालवू नका, गिअरबॉक्स जाईल. खड्ड्याच्या कडा ऑगरनं घासून गुळगुळीत होतात, चिकट मातीत तर फारच, आणि मुळ्यांना त्या भेदता येत नाहीत. पहारीनं कडा खरवडून घ्यायला एक माणूस मागं लावा. डिगर भाड्यानं मिळतो का ते आधी तालुक्यातल्या अवजार बँकेत विचारा. विकत घ्यायचा झाला आणि अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, आधीचं बिल चालत नाही.

खड्डे लागणारच आहेत का, हाही विचार करा. साडेचार बाय तीन मीटरवर लागवड असेल तर एकरी तीनशेच्या आसपास रोपं बसतात, आणि आता बरेच जण खड्डे न घेता गादीवाफ्यावर लावतात. तुमच्या रानाला काय बरं पडेल हे सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं माती दाखवून विचारा. बोररनं गेलेल्या जागेवर पुन्हा लावताय, तेव्हा ही खेप कराच. गादीवाफा ठरला तर बॅकहोचं निम्मं कारणच उरत नाही.

मेन लाइनचा चर हे काम मात्र मिनी बॅकहोचं, हे मान्य करतो. फूटभर रुंद, दोन फूट खोल, सरळ चर त्याच्याइतका नेटका जेसीबी काढत नाही. जेसीबीची नेहमीची बकेट अडीच-तीन फूट रुंद असते. चर रुंद होतो, खालचा मुरूम वर येऊन चांगल्या मातीत मिसळतो आणि बुजवायला दुप्पट वेळ जातो. पण ६०० फूट चर हे फार तर दीड-दोन दिवसांचं काम, तेही एकदाच. जेसीबीवाल्याला फूटभराची अरुंद बकेट आहे का विचारा, पाइपलाइनची कामं करणाऱ्यांकडं असते. नसेल तर दीड-पावणेदोन टनाचा मिनी एक्स्कव्हेटर भाड्यानं शोधा.

बागेच्या आत काम करायचं असेल तर या यंत्राचा खरा उपयोग आहे. जेसीबी सव्वासात फुटांहून जास्त रुंद, तो उभ्या बागेत शिरला की फांद्या मोडणारच. म्हणून लोकांना वाटतं, मिनी ट्रॅक्टर ओळीतून जातो तर त्याचा बॅकहोही चालेल. ट्रॅक्टर जातो, पण खोदायच्या आधी जॅक दोन्ही बाजूंना पसरतात, आणि बूम वळवून माती टाकायलाही जागा लागते. ओळीतलं मोकळं अंतर जॅक पसरलेल्या अवस्थेत मोजा, मिटलेल्या नव्हे. मिनी एक्स्कव्हेटरला असे पसरणारे जॅक नसतात, उठबसही नसते. बसल्या जागी तो गोल फिरतो.

शेततळ्याला प्लॅस्टिक अंथरलेलं असेल तर कुठल्याच यंत्राची बकेट आत घालू नका. कागद फाटला की गाळ काढण्याच्या खर्चापेक्षा नवीन कागदाचा खर्च कितीतरी मोठा. पाणी कमी झालं की गाळ ढवळून मड पंपानं उपसा.

आता तुमची खरी तक्रार, मे महिन्यात जेसीबी मिळत नाही ही. ती रास्त आहे, आणि मला वाटतं पैशापेक्षा या ताटकळण्यामुळंच तुम्हाला स्वतःचं यंत्र हवंसं झालंय. पण तुमच्या कामांपैकी मे महिन्यातच झालं पाहिजे असं एकही नाही. गेलेली बाग आजही काढता येते, आणि बोररचा विचार केला तर आजच काढावी. खड्डे किंवा वाफे फेब्रुवारी-मार्चमध्ये केले तर माती दोन महिने जास्त तापते, तो फायदाच. त्या दिवसांत जेसीबीवाले मोकळे असतात. शेजारच्या दोघा-तिघांची कामं जोडून ६०-७० तास एकदम द्या, तारीख ठरवा, थोडी उचल द्या आणि दरही घासून घ्या. सुटे चार तास देणाऱ्याला जेसीबीवाला टाळतो, सलग आठवडा देणाऱ्याला टाळत नाही.

मेव्हण्यांचा भाड्याचा विचार थोडक्यात संपवतो. गाव जेसीबीला तासाला १,२०० देतं ते त्याच्या उरकाला देतं. चौथा हिस्सा काम करणाऱ्या यंत्राला त्याच मापानं तासाला ३०० रुपये मिळतील, त्यातले सव्वादोनशे डिझेलला जातील. शिवाय शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर लोकांच्या पाया खोदायला भाड्यानं लावला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आरटीओत आणि विमा एजंटकडं लेखी विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कुणाला बॅकहो घ्या म्हणून सांगेन? ज्याची माती चार-पाच फूट मऊ आहे, ज्याला दर आठवड्याला थोडं थोडं खोदावं लागतं, रोपवाटिका, गोठा, शेणखताचे खड्डे, सारखी पाइपलाइनची दुरुस्ती, ज्याच्या रानात जेसीबी पोचतच नाही, आणि ज्याच्या ट्रॅक्टरला कंपनीनंच सबफ्रेमसकट बॅकहोची मान्यता दिली आहे. यातली फक्त मान्यतेची अट पुरी होत असेल तरी मी तुम्हाला थांबाच म्हणेन.

इतकं वाचूनही मन त्यातच असेल तर निदान इसार देण्याआधी तीन गोष्टी करा. ट्रॅक्टरच्या शोरूमला मॉडेल नंबर सांगून विचारा, यावर बॅकहो चालतो का, किती किलोपर्यंत, आणि उत्तर कागदावर घ्या. वर्कशॉपवाल्याला त्यानं याच एचपीच्या ट्रॅक्टरला बसवून दिलेला, वर्षभर चाललेला एक बॅकहो दाखवायला सांगा. तिथं जाऊन क्लच हाउसिंगच्या जोडापाशी तेल पाझरतंय का, नवे बोल्ट दिसतायत का, ते खाली वाकून बघा आणि मालकाशी वर्कशॉपवाला नसताना बोला. तिसरं, डेमो त्याच्या अंगणातल्या भुसभुशीत मातीत न घेता तुमच्या रानात घ्या, जिथं मुरूम वर आहे तिथं, आणि बकेट अडली की जॅकचे पाय जमिनीवरून उचलतायत का एवढंच बघा. बूम चालू असताना कुणालाही त्याच्या फेऱ्यात उभं राहू देऊ नका, पोरांना तर नाहीच.

शोरूमचं लेखी उत्तर आलं की मॉडेल नंबरासह कळवा. आणि मेन लाइनचा चर कुठून कुठं जाणार आहे त्याचं कच्चं रेखाटन पाठवलंत तर तो कोणत्या यंत्रानं काढावा तेही सांगतो.